घागरीच्या मापाचं टोपडं

आर्णीच्या बाजारात लखीरामला कुणी विचारलं, "कसं काय चाललंय?" तर तो म्हणायचा, "डोस्क्यावर चाललं भाऊ. पाय तर कवाचेच थकले." यात खोटं काही नव्हतं. लोकांची डोकी झाकायच्या नवनव्या तऱ्हा काढणं हा त्याचा नाद होता, आणि स्वतःच्या डोक्यानं चालायला गेलं की तोंडघशी पडणं ही त्याची रीत. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्याला हसून घ्यावं, म्हणजे दुसऱ्याच्या हसण्याला धार राहत नाही, एवढं शहाणपण त्याला तिशीपर्यंत आलं होतं. बाकीचं यायचं होतं.

लखीराम गोर, म्हणजे लोक ज्यांना बंजारा म्हणतात त्यांतला. त्याचा तांडा आर्णीपासून कोस-दीड कोसावर. पणज्या-खापरपणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घातला, बापानं तो नाद सोडून नांगर धरला, आणि लखीरामच्या हाती नांगर दिला तेव्हा तास असं वाकडं गेलं की थोरला भाऊ लालसिंग म्हणाला, "तू बैलाले नेऊन राह्यला, का बैल तुले नेऊन राह्यला?" मग त्याला फुलसावंगीच्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे धाडलं. तिथून तो हातानं फिरवायचं एक जुनं मशीन घेऊन परतला आणि तांड्याचा शिंपी झाला. बंड्या, पैरणी, पोलकी शिवता शिवता त्याच्या मनात आलं, की माणसाचं सगळं भांडवल डोक्यात, आणि त्या डोक्यालाच एक फडकं गुंडाळून देवाच्या भरवशावर सोडलेलं. हा विचार आला तो दिवस वाईट होता, असं पुढं तो स्वतःच सांगायचा.

ते साल छप्पन. त्या वर्षी अख्खा यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, तोही जागचा न हलता. सरकार बसल्या जागी एवढं करतं, तर आपण एक खोळ सुधारू शकत नाही का, असं लखीरामला वाटलं. पावसात शेतकरी पोत्याची खोळ घेतात. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसला की झाली. तिच्यात एकच खोड, पाणी कपाळावरून डोळ्यांत गळतं. लखीरामनं राकेलच्या डब्याचा पत्रा कापून कपाळावर एक छोटी पन्हळ बसवली. पाणी पन्हळीत पडावं, कानांवरून मागं जावं, डोळे कोरडे राहावेत, अशी योजना. पहिला मान अर्थातच तांड्याच्या नायकाचा. नायक शंकरसिंग पुढच्या पावसाळ्यात ती खोळ घेऊन भर पावसात शेतावर गेले आणि तासाभरानं परत आले ते कुडकुडत. पन्हळीचं सगळं पाणी त्यांच्या मानेवरून कुडत्याच्या आत उतरलं होतं. "लखीराम," नायक म्हणाले, "डोस्कं कोरडं राह्यलं बाप्पा. बाकी मी वाहून गेलो."

त्यानंतर मोहोळ झाडणाऱ्यांसाठी टोपडं. या खेपेला मान लालसिंगचा, कारण तांड्यात मधाची हौस सगळ्यात जास्त त्यालाच. मच्छरदाणीचं कापड, आत वेताचं कडं, गळ्याशी दोरी आणि दोरीला अशी गाठ की वाऱ्यानंही सुटू नये. माशी बाहेर ठेवायची सगळी व्यवस्था चोख होती. आत शिरलेल्या माशीसाठी मात्र काही व्यवस्था नव्हती. एकच माशी आत गेली, आणि लालसिंग त्या न सुटणाऱ्या गाठीसकट पळत सुटला तो थेट नाल्यात जाऊन बसला. त्याचं नाक बरं व्हायला पुढचा बाजार उजाडला. मग पांढरकवड्याच्या एका ट्रकवाल्याच्या क्लीनरला वाऱ्यासाठी कानपट्ट्यांची टोपी करून दिली. घाट उतरताना कानपट्ट्यांत वारं भरलं आणि टोपी उडून गेली. "क्लीनर राह्यला हे नशीब समजा," असं लखीराम बाजारात बसून सांगायचा, आणि ऐकणाऱ्यांची हसून पुरेवाट व्हायची. या गोष्टींवर त्याची गिऱ्हाइकं वाढली. टोपडं कुणी घेत नसे, पण गोष्ट ऐकायला थांबलेला माणूस जाताना एखादी बंडी शिवायला टाकून जाई.

सगळा तांडा हसायचा. आई, म्हणजे सुखीबाई याडी, ती तर तोंडाला पदर न लावता हसायची. एकटी जमनी हसायची नाही.

जमनी लखीरामची बायको. तो मोहोळाची गोष्ट रंगात आणायचा, लालसिंगची नाल्यातली बैठक स्वतः उकिडवा बसून करून दाखवायचा, आणि माणसं लोळायची, तेव्हा जमनी खाली बघून ओढणीचा शेव तोंडावर दाबायची, आणि थोड्या वेळानं काहीतरी काम काढून बाहेर निघून जायची. लखीरामनं याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला होता. घरात निदान एक तरी माणूस आपल्या बुद्धीचा मान राखून आहे, असं त्याला वाटायचं, आणि जेवताना तो ही गोष्ट मनात घोळवून एखादी भाकरी जास्त खायचा. नवरा म्हणून त्याला इतकंच पुरेसं होतं. माणूस किती थोडक्यात फुगतो याचा हा नमुना.

एकदा होळीच्या सुमारास पाहुणे आले होते आणि मोहोळाच्या गोष्टीची फर्माईश झाली. लालसिंग नाल्यात बसला त्या ठिकाणी जमनी नेहमीसारखी उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं लखीराम पाण्याचा तांब्या भरायला मागच्या दारी गेला. जमनी गोठ्याच्या मेढीला धरून वाकली होती आणि खोकत होती. साधं खोकणं नव्हतं ते. एक ढास दुसरीला आत ओढत होती, मधे श्वासाला जागाच उरत नव्हती. तिच्या केसांत गुंफलेल्या चांदीच्या टोपल्या, म्हणजे गोर बायकांचे लोंबते दागिने, दोन्ही गालांवर आपटत होत्या. लखीराम तांब्या घेऊन तसाच उभा राहिला.

ढास बसल्यावर ती म्हणाली, "जा तुमी. पाहुने बसले आहेत." (घरात, तांड्यात बोलणं सगळं गोरबोलीत, पण आपण ते वऱ्हाडीतच ऐकू.)

"हे कवापासून?"

"तीन-चार हंगाम झाले. जिनिंगातल्या रेच्यावरची रुई छातीत बसते. आमचं सगळ्यांचंच होते. हसलं का लागते ढास. म्हून हसत नाही मी."

लखीरामला ते समजायला जरा वेळ लागला. मग तो म्हणाला, "म्हंजे माहा मान ठेवून गप नव्हती बसत तू?"

"मान?" जमनीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमच्या त्या टोपड्यायचा?" आणि तिला हसू फुटलं, आणि हसू अर्ध्यावर आलं तोच पुन्हा ढास लागली. या खेपेला तिला खालीच बसावं लागलं.

लखीरामनं आजवर आपल्या फजितीच्या पुष्कळ गोष्टी जमवल्या होत्या, पण ही त्याला कुणाला सांगता आली नाही. इतकी वर्षं आपण बायकोच्या खोकल्याला मान समजून भाकरी खाल्ली, हे त्याच्या छातीत जाऊन बसलं. गावभर लोकांना हसवून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरात बायकोला हसण्याची चोरी. त्याला खरोखर लाज वाटली.

दिवाळी झाली की आर्णीच्या जिनिंग फॅक्टरीचा भोंगा सुरू व्हायचा आणि तांड्यातल्या बायका पहाटे रांगेनं निघायच्या. तिथं रेचे लावलेले असायचे. रेचा म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणारं यंत्र. बायकांनी पुढं उभं राहून दोन्ही हातांनी कापूस चारायचा, आणि रुई हवेत उडत राहायची. नव्या हंगामाच्या आधी लखीराम जमनीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "जिनिंग सोडा. नाही जमत तर नाक-तोंड झाकून काम करा." जमनीनं जिनिंग सोडायला साफ नकार दिला. शेतात राबायचं तर दिवसभर जेठ, म्हणजे थोरला दीर लालसिंग समोर, आणि दिवसभर घुंगट. "तिथं मी कोनाची सून नसते," ती म्हणाली. तिथं रुक्माबाई होती, गावातली कुणब्याची बाई, जमनीच्या शेजारच्या रेच्यावर. दोघींचं गूळपीठ होतं.

राहिलं नाक-तोंड झाकणं. लखीरामच्या मनात आलं, झाकणं म्हणजे आपलंच खातं की. देवानं इतकी वर्षं आपल्याकडून नापास होण्याचा सराव करून घेतला तो याच परीक्षेसाठी, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि कामाला लागला. बाकीच्या टोपड्यांत लोकांची गंमत होती. या टोपड्यात जमनीचा श्वास होता, आणि ते तो एका क्षणालाही विसरला नाही. विसरला तो दुसरंच.

टोपडं बेतायला डोकं हवं. तांड्यात आपलं डोकं लखीरामच्या हाती द्यायला कुणी तयार नव्हतं, लालसिंग तर त्याच्या हातात सुई दिसली की रस्ता बदलायचा. हंगाम सुरू झाला होता, जमनी जिनिंगवरून दमून यायची, तिला उठ-बस करायला लावायचं त्याच्या जिवावर आलं. शिवाय तयार टोपडं एकदम समोर ठेवून तिला चकित करावं अशी हौसही होती. म्हणून त्यानं पाण्याची तांब्याची घागर पालथी घातली, कोळशानं तिच्यावर डोळे-नाक काढलं आणि तिच्या मापानं बेतायला बसला. मलमलीचे तीन पदर, डोळ्यांपुढं मच्छरदाणीची खिडकी, कडेनं सगळीकडे इलॅस्टिक, म्हणजे रुईचा तंतू आत शिरायला फट नको. माशीच्या वेळची चूक या खेपेला होऊ द्यायची नव्हती. टोपडं घागरीला असं काही बसलं की त्याच्यानं राहवेना. तो घागरीला म्हणाला, "जमतं ना वो?" घागर काही बोलली नाही. तो होकार समजला.

दुसऱ्या दिवशी अंगणात बायका तूर पाखडत बसल्या होत्या. याडी होती, भावजय होती, शेजारणी होत्या. लखीरामनं जमनीला समोर बसवलं आणि टोपडं तिच्या डोक्यावर ओढलं. ते कानांपर्यंत आलं आणि अडलं. त्यानं पुन्हा ओढलं. दोन्ही बाजूंना टोपल्या आणि घुगऱ्या, केसांतून गालांवर सोडलेली चांदी, ती काही इलॅस्टिकला आत शिरू देईना. लखीराम कारागीर माणूस, त्याचं सगळं लक्ष फटीकडे.

"हे टोपल्या काढून ठेव जराशा," तो म्हणाला. "मंग बसते बराबर."

सुपांचा आवाज थांबला.

गोर बाईच्या केसांतली टोपली नवरा असेपर्यंत उतरत नाही. नवरा गेला म्हणजेच ती उतरते. हे तांड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. एखादा परका असं बोलला असता तर अडाणी म्हणून सोडून दिला असता. हा घरचा, आणि वर स्वतः तिचा नवरा. लखीरामचं तोंड वाक्य संपल्यावरही उघडंच राहिलं, कारण आपण काय बोललो ते त्याला सगळ्यात शेवटी ऐकू आलं.

याडीनं सूप खाली ठेवलं. "तुहा बाप गेला तवा माह्या उतरवल्या होत्या," ती म्हणाली. "तू बाजूले उभा राहून पाहत होता. तूच इचारलं होतं, याडी, दुखते का म्हून."

जमनीनं टोपडं काढलं, नीट घडी करून त्याच्यापुढं ठेवलं, आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

गोष्ट नायकाच्या दारापुढं गेली. तिथं नसाब बसली, म्हणजे तांड्याची पंचायत. नायक शंकरसिंग मधे, दोन्हीकडे जाणती माणसं, आणि समोर लखीराम. त्याच्या मांडीवर ते टोपडं, कारण पुरावा घेऊन ये असं फर्मान होतं.

"तू बायकोले टोपल्या उतरव म्हनला?"

"म्हनलो, नायक."

"काहून?"

"टोपडं बसत नव्हतं."

"माप कोनाचं घेतलं होतं?"

लखीरामनं मान खाली घातली. "घागरीचं."

नायक म्हणाले, "घागरीले नवरा असते का बे?"

माणसं हसली. लखीरामनंही सवयीनं हसण्यासाठी तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही. सुखीबाई याडी तेवढ्यात बायकांच्या बाजूनं उठून पुढं आली. दंड ठरवायच्या आत सुनेचं म्हणणं ऐकून घ्या, असं ती म्हणाली. "जमनी म्हनते, बकरा नोको, गूळ नोको. थे टोपडं त्याईनंच डोस्क्यात घालाव, अन् या बाजारापासून त्या बाजारापर्यंत माह्या जागी रेच्यावर जाव."

यापेक्षा बकरा स्वस्त पडला असता, हे लखीरामला तेव्हाच कळलं. पण नायकांना पन्हळीची आठवण अजून ताजी होती. त्यांनी एका दमात निकाल दिला.

जिनिंगचे मुकादम वामनराव. त्यांनी आधी, रेच्यावर बाया असतात, गडी नाही, असं सांगून पाहिलं. मग सगळी हकिगत ऐकली, टोपडं पाहिलं, आणि असला तमाशा फुकट मिळत असेल तर नाही कशाला म्हणा, असा विचार करून लखीरामला जमनीच्या रेच्यापुढं उभं केलं.

टोपडं घागरीच्या मापाचं होतं आणि लखीरामचं डोकं घागरीहून लहान. इतक्या वर्षांत हे त्यानं कधी ताडून पाहिलं नव्हतं. इलॅस्टिक हनुवटीखाली सरकलं, खिडकी नाकावर आली, आणि डोळ्यांपुढं मलमलीचे तीन पदर. खिडकी वर ओढून धरावी तर कापूस चारायला एकच हात उरतो. तिला जागेवर आणून गाठ मारली, तर थोड्याच वेळात मच्छरदाणीची सगळी भोकं रुईनं बुजली. आत श्वासाची वाफ, घामाच्या धारा, मुकादम काय ओरडतात ते ऐकू येईना. आणि मग लखीराम सवयीनं तंबाखू थुंकला. बाहेर थुंकलो असं त्याला वाटलं. टोपड्याला मात्र बाहेर नव्हतंच.

रुक्माबाईनं हे पाहिलं आणि रेचा सोडून ती खालीच बसली. हसता हसता तीही खोकायला लागली. पलीकडची हसली, तीही खोकली. रेच्यांच्या रांगेत एकामागून एक बाई हसत होती आणि छातीला हात लावून वाकत होती. लखीरामनं तोंडावरचं ते काढून फेकलं आणि उघड्या तोंडानं उभा राहिला.

उघड्या तोंडानंच त्यानं तो दिवस काढला. दुपारनंतर घशात लोकरीचा बोळा बसल्यासारखं झालं. संध्याकाळी तांड्याकडे चालताना त्याला पहिली ढास लागली आणि वाटेतल्या बाभळीला धरून वाकावं लागलं. एका दिवसात आपली ही गत, तर ती किती हंगाम हे छातीत घेऊन येत होती, आणि आल्यावर आपल्यापुढं ताट ठेवत होती. त्याला रडू आलं. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून तो थोडा रडला आणि तोंड पुसून घरी गेला. जमनीनं ताट ठेवलं. बोलली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं शिंप्याचे डोळे उघडले. तांड्यातल्या बायका ओढणीचा शेव दातांत धरून काम करायच्या. जोवर दातांत आहे तोवर खोकला कमी, पण कापसाचा भारा उचलायला वाकलं की दात सुटायचे आणि शेव गळून पडायचा. हात दोन्ही रेच्याला बांधलेले, परत कोण धरणार? गावातल्या बायकांचं दुखणं वेगळं. रुक्माबाई म्हणाली, "कपाळाले घट्ट बांधशीन तर कुंकू फिसकटते रे बाप्पा. अन् पानी प्यायले सगळं सोडा लागते." एकीला अंबाड्यावर काही चालत नव्हतं, एकीला कान झाकलेले खपत नव्हते, कारण मग गप्पा कशा ऐकायच्या. लखीराम विचारत गेला आणि दोरीनं माप घेत गेला. डोकं हातात द्यायला बायका लाजल्या नाहीत. टोपडं डोक्यात घालून आत थुंकणाऱ्या माणसाला कोण लाजणार?

दंड फिटला त्या बाजारी तो मशीनवर बसला. या खेपेला इलॅस्टिक नाही, खिडकी नाही. आईचं धुऊन धुऊन मऊ पडलेलं जुनं लुगडं घेतलं आणि त्याचा दुपदरी घुंगट केला, जो दातांवाचून जागेवर राहील. वरून सैल टाकायचा. डोळे उघडे, कपाळ मोकळं, कान मोकळे. नाकावरून एक पट्टी जायची, मागं मानेशी बांधलेली, ती पाणी प्यायला एका बोटानं खाली सरकवायची. आणि दोन्ही कानशिलांपुढं चुण्या घालून दोन पिशव्या सोडल्या, टोपल्या आत बसाव्यात अशा. शिवून झाल्यावर त्यानं तो हातात धरून पाहिला आणि स्वतःशीच म्हणाला, "वा रे कारागीर. याडीच्या डोस्क्यावर होतं थे शोधाले नाल्यातून फिरून आला."

तो त्यानं जमनीपुढं ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या मालाविषयी एक शब्दही न बोलता बाजूला होऊन बसला. जमनीनं आधी पाहिलंच नाही. चूल सारवली, गुरांना पाणी दाखवून आली. मग भिंतीला टेकून बसली, तो उचलला, आतून-बाहेरून उलटापालटा केला, आणि तिचं बोट त्या पिशवीत गेलं. दुसऱ्या बाजूचीही तिनं चाचपून पाहिली. मग डोक्यावर घेतला, उजवी टोपली आत सारली, डावी आत सारली, आणि मान इकडून तिकडे वळवून पाहिली.

"डावीकडची जराशी ढिली करा," ती म्हणाली.

तो हंगाम तिनं तसाच काढला, आणि पुढचाही. रुक्माबाईनं आपल्यासाठी पिशव्यांशिवायचा शिवून घेतला, मग बाकीच्यांनीही मागितले. ढास एका दिवसात गेली नाही. पहाटे यायची, थंडीत जास्त यायची, आणि लखीराम आपल्या अंथरुणावर पडून ती मोजल्यासारखी ऐकायचा. आपण काही मोठा तीर मारला असं तो कुणाला म्हणाला नाही. पूर्वी आपल्या टोपड्यांवर तो हसून घ्यायचा तसाच बाजारात हसून घेत राहिला. जमनी हसत नव्हती. ढासेच्या भीतीचीही सवय होते. पाहुण्यांत गोष्टी रंगल्या की ती अजून उठून बाहेर जायची, आणि लखीराम गोष्ट आवरती घ्यायचा.

तो दुसरा हंगाम सरत आला तेव्हाच्या होळीला तांड्यात लेंगीची गाणी झाली, माणसं अंगणात टेकली, आणि कुणीतरी म्हणालं, लखीराम, रेच्यावरची सांग. ही गोष्ट त्यानं घरी कधी सांगितली नव्हती. त्याला ती सांगायची नव्हती. पण लालसिंगनं आग्रह धरला, त्याला आपल्या नाल्याचा सूड हवा होता. मग लखीराम उठला. घागरीच्या मापाचं टोपडं डोक्यात कसं फिरलं, खिडकी नाकावर कशी आली, वामनराव काय ओरडत होते आणि आपण काय ऐकत होतो, हे सगळं त्यानं करून दाखवलं. आणि तंबाखूपाशी आला.

जमनी उठली नाही. तिचे खांदे हलायला लागले. तिनं ओढणी तोंडावर दाबली, पण हसू ओढणीतून बाहेर आलं, मोठ्यानं, आणि मग तिनं ओढणी सोडूनच दिली.

लखीराम मधेच थांबला. हात तसाच तोंडापाशी राहिला. तो वाट पाहत होता. तांडा हसत होता आणि तो एकटा तिच्या छातीकडे बघत, आता येईल, आता येईल, म्हणून उभा होता. ढास आली नाही. जमनी हसत होती, मागं रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एवढं हसताना त्यानं तिला लग्नाच्या वर्षी पाहिलं होतं. हसून हसून तिला श्वास घ्यावा लागला, आणि तिनं तो घेतला, भरपूर, आणि पुन्हा हसली.

मग तिनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

"थांबले काहून?" ती म्हणाली. "सांगा ना. थुंकले, अन् मंग?"

लखीरामनं तोंडापाशी अडलेला हात हलवला आणि थुंकण्याची नक्कल पुरी केली. मग त्यानं पुढचं सांगितलं. ते संपलं तरी ती हसतच होती, म्हणून जे घडलं नव्हतं तेही त्यानं सांगितलं.